तारपकरी नसलेलं चित्र

आमच्या बोईसरच्या घरात वारली चित्रं असलेल्या वस्तू परवा सहज मोजल्या. नऊ भरल्या. पडदा, दोन मग, कंपनीची डायरी, दिवाळीत आलेला ट्रे, भाचीची कापडी पिशवी, असं काय काय. त्यांतल्या सहा वस्तूंवर एकच दृश्य आहे: हातात हात गुंफून गोलाकार नाचणारी माणसं. हा तारपा नाच. तारप्याचं संगीत मात्र आमच्या घरात कुणाच्या फोनमध्येसुद्धा नव्हतं. एखाद्या अल्बमचं कव्हर घरोघर पोचावं आणि आतली तबकडी कुणीच वाजवलेली नसावी, तसा हा प्रकार. त्यातून आम्ही राहतो पालघर जिल्ह्यात. हे वाद्य बनतं आणि वाजतं ते पाडे आमच्यापासून तास-दीड तासावर आहेत.

गाण्याच्या आनंदात कव्हरचा वाटा किती, या वादात मी वर्षानुवर्षं 'शून्य' म्हणणाऱ्यांच्या बाजूने होतो. कारण आमचं सगळं ऐकणं बिनकव्हरचं होतं. वडील एमआयडीसीत पाळीने काम करत. मूळ कॅसेट परवडायची ती वर्षातून एखादी. बाकीची गाणी चित्रालयाजवळच्या एका दुकानात कोऱ्या कॅसेटवर भरून मिळत. आपण वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी जायचं. परत येताना डबीत तोच आपल्या अक्षरातला कागद घडी घालून ठेवलेला असे, आणि शेवटचं गाणं बहुधा अर्ध्यावर तुटलेलं असे. त्या गाण्यांचा आनंद कमी पडला असं मी आजही म्हणणार नाही. तुटलेल्या जागेसकट ती पाठ आहेत.

'गीतरामायणा'चा दाखलाही मी हमखास द्यायचो. 1 एप्रिल 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं ऐकवली गेली. बघायला काय होतं? रेडिओचं लाकडी खोकं. पण माझी आजी इथेच मला अडवायची. लोक त्या रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं ती सांगे. म्हणजे कव्हर नव्हतं म्हणून लोकांनी ते स्वतः केलं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मूळ कॅसेटच्या डबीतल्या त्या कागदाने एक गोष्ट मात्र केली, ती कबूल करायला हवी. गाण्याला गाणाऱ्याखेरीज आणखीही माणसं लागतात, हे मला त्या बारीक टायपातल्या नावांनी शिकवलं. गीतकार, संगीतकार, कुठे तबला आणि हार्मोनियम कुणाची तेही. आताच्या फोनवर नखाएवढ्या चौकोनात चेहरा दिसतो आणि कवी शोधायला तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं.

अल्बम हा शब्दच मुळात फोटोंच्या वहीवरून आला. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या वहीसारख्या बांधून विकत. त्या वह्या बहुतेक करड्या-तपकिरी, पाठीवर नाव छापलेल्या. कोलंबिया कंपनीत 1939 मध्ये नोकरीला लागलेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसला त्या थडग्यांसारख्या वाटल्या. पुढच्याच वर्षी त्याने रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचावर नाट्यगृहाच्या दर्शनी दिव्यांच्या पाटीचा फोटो छापला, आणि सचित्र कव्हरची रीत पडली. हेतू उघड होता, माल खपवणे. पण त्या फोटोने गिऱ्हाइकाला रस्त्यावर, नाट्यगृहाच्या दारात नेऊन उभं केलं. तबकडी लागण्याआधीच तो तिकीट काढून आत शिरायच्या बेतात असे. चांगलं कव्हर हे करतं, असं मला आता वाटतं. ते सुरात भर घालत नाही. ऐकणाऱ्याने कुठे उभं राहायचं, ते सांगतं.

आणि चुकीचं कव्हर चुकीच्या जागी उभं करतं. हे मला कळलं ते तारप्यामुळे.

आमच्या कंपनीत विक्रमगडकडचे एक फिटर होते. एका दिवाळीत त्यांनी पाड्यावर बोलावलं. भात कापून झालं होतं. माझ्या मनात तारप्याचं संगीत तयार होतं. मगावरच्या त्या नेटक्या गोलावरून, पांढऱ्या नाजूक रेषांवरून मी ते केव्हाच रचून ठेवलं होतं. बासरीच्या जवळचं, मंद, गोड, शांत काहीतरी. प्रत्यक्षात जे आलं त्याने मी दचकलोच. वाळलेला दुधीभोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. आवाज भरडा, नाकातला, न थांबणारा. वाजवणारा श्वास घ्यायला थांबतच नाही, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो. तासभर झाला तरी कुठे समेवर येणं नाही, कळस नाही. मी फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड केलं आणि खाटेवर बसून राहिलो. कंटाळलो, हेही सांगून टाकतो.

फिटर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "साहेब, बसून काय कळणार? हे बसून ऐकायचं नसतं." मी हसून वेळ मारून नेली. नाचायला उठलो नाही.

घरी येऊन ती तीन मिनिटं दोनदा ऐकली. एकसुरी वाटली. आता मागे वळून पाहता दोष कुठे होता ते स्पष्ट दिसतं. मी एका कव्हरवर विश्वासून गेलो होतो, आणि ते कव्हर या संगीताचं नव्हतंच.

पुढे जिव्या सोमा मशे यांची चित्रं नीट पाहिली. मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. वारली चित्रं ही लग्नघरात सवाशिणींनी काढायची गोष्ट होती. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि या पुरुषाने रोजच्या रोज चित्र काढायला घेतलं. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. तारपा नाच त्यांनी अनेकदा काढला. तिथे गोल नाही. रांग आहे, ती आतून बाहेर उलगडत जाते आणि तिचं बाहेरचं टोक मोकळं असतं. कुणीही येऊन त्या टोकाला हात धरावा, अशी जागा तिथे आहे. आणि आत, वेटोळ्याच्या पोटात, आपल्या उंचीएवढं वाद्य घेऊन तारपकरी उभा आहे. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे.

हे सजावटीसाठी नाही. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. तारपकरी सूर बदलतो तशी रांगेच्या म्होरक्याला दिशा कळते, उजवीकडून जायचं की डावीकडून. म्हणजे त्या रात्री मला जो 'एकसुरी' आवाज वाटला, तो पन्नास माणसांना चालवत होता. बदल होते, पण ते पायांसाठी होते. खाटेवर बसलेल्या माणसाला ते कळण्याची सोयच नव्हती. मशेंच्या माणसांची धडं दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावलेली. त्या चिमुकल्या सांध्यावर प्रत्येक माणूस झुलायच्या बेतात असतो. ते पाहिल्यावर मी तीच तीन मिनिटं पुन्हा लावली. या वेळी कान गाण्याची चाल शोधत नव्हते, वळण शोधत होते. दुसऱ्या मिनिटाला एक वळण सापडलं. आधी ते मला वाजवणाऱ्याची चूक वाटलं होतं.

मग मी आमच्या नऊ वस्तूंकडे वळलो. सहा नाचांपैकी चारांत रांग नाही, पूर्ण बंद गोल आहे. दोन्ही टोकं जोडून टाकलेली, कारण मगावर आणि ताटावर गोल चांगला बसतो. सगळी माणसं एका साच्यातली, सारख्या अंतरावर. तीन ठिकाणी तारपकरीच नाही. एका ठिकाणी तो आहे, पण गोलाबाहेर, कोपऱ्यात, झाडाशेजारी, जागा भरायला. वाजवणारा काढून टाकला तर ही माणसं कशावर नाचताहेत? हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही, मलाही नाही.

इथे कुणी म्हणेल, असं सगळीकडेच होतं. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या 1979 च्या 'अननोन प्लेझर्स'चं काळ्यावरच्या पांढऱ्या लाटांचं कव्हर घ्या. ते एका दूरच्या ताऱ्याच्या रेडिओस्पंदांचं चित्र. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. ते टी-शर्ट घालून लोकलमध्ये उभ्या असलेल्या किती पोरांनी तो अल्बम ऐकलाय? मान्य. पण त्या पोराला वाटलं तर अर्ध्या मिनिटात तो अल्बम सापडतो, कव्हर कुणी केलं तेही सापडतं. मगावरच्या गोलावर ना चित्रकाराचं नाव, ना पाड्याचं, आणि आत संगीत होतं याची खूणही पुसलेली.

वारली लग्नात याच्या नेमकं उलट घडतं. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधे पालघट देवी. आणि धवलेरी गाते. लग्न लावणारी बाईच ती, आणि लग्नाची गाणी तिच्याकडे असतात. चित्र आधी की गाणं आधी, असा प्रश्न तिथे निघतच नाही. आपण कागदावर नेलं ते त्यातलं अर्धं. कागदावर नेण्यात मला वाईट काही दिसत नाही. मशेंसारखा माणूस त्यातूनच उभा राहिला, आणि त्यांनी कागदावरही तारपकऱ्याची जागा सोडली नाही. हरवलं ते त्यानंतर, नकलेच्या नकलेत.

गंमत म्हणजे तारपा ज्यांच्यात खरोखर ऐकला जातो ते हे चित्र वापरत नाहीत. यूट्यूबवर तारप्याचे, तारपा आणि डीजे एकत्र केलेले कितीतरी व्हिडिओ आहेत, लग्नसराईत ते आमच्या भागात वाजतातही. त्यांच्यावर चित्र काय असतं? वाजवणाऱ्याचा नाहीतर नाचणाऱ्यांचा फोनवर काढलेला फोटो, त्यावर पिवळ्या-लाल जाड अक्षरांत नावं. सुबक म्हणवत नाही. पण वाजवणारा मधोमध असतो. त्या डीजेच्या ठोक्याखाली तारपा पार दबून जातो ही माझी तक्रार आहे, कव्हरबद्दल मात्र नाही.

भाचीला ती तीन मिनिटं आवडली. रोज नाही, पण लावते. फोनवर तिथे करड्या चौकोनात संगीताची एक खूण दिसते, कंपनीने दिलेली. तिला ते बरं दिसेना. आपल्या मगाचा फोटो काढून म्हणाली, "मामा, हे लावू या ना वर." मी मग हातात घेऊन फिरवून पाहिला. बंद गोल होता. आत कुणी नव्हतं. पुढच्या दिवाळीत विक्रमगडला जाऊ, फिटरकाकांना विचारून तारपकऱ्यांचा फोटो काढू, असं ठरलं आहे. तोवर तो करडा चौकोन तसाच ठेवला आहे.