अडखळणारी पावले : परक्या शहरातील पहिला दिवस आणि नगरवाचनाचा प्रश्न

१

शहर ही एक संहिता आहे आणि ती पायी हिंडून वाचता येते, ही कल्पना गेल्या काही दशकांत साहित्यसमीक्षेत इतकी रुळली आहे की, या वाचनामागे नेमका कोणता वाचक गृहीत धरलेला असतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वाचक म्हटला की त्याला लिपी अवगत असते, निदान अक्षरओळख तरी असते. ज्याला शहराची लिपीच ठाऊक नाही, असा माणूस पहिल्या दिवशी रस्त्यावर उतरतो, तेव्हा तो जे करतो त्याला ‘वाचन’ म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन संहितांच्या आधारे करावयाचा आहे. वाल्टर बेन्यामिन यांचा मॉस्कोवरील निबंध (१९२७) ही त्यांतील एक, आणि सॅम्युअल सेल्व्हन यांची ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) ही कादंबरी ही दुसरी. या विचाराच्या ओघात मराठी प्रवासवर्णनाकडे पाहण्याची आपली रीतही तपासावी लागेल.

२

शहरात पायी हिंडणाऱ्या माणसाची जी प्रतिमा समीक्षेत प्रतिष्ठित झाली, ती फ्लानरची. बोदलेर यांनी ‘आधुनिक जीवनाचा चित्रकार’ या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिची बांधणी केली. गर्दी हे फ्लानरचे घर असते. तो सर्वांना पाहतो, पण त्याला कोणी ओळखत नाही. वेष पालटून नगरात हिंडणाऱ्या राजपुत्राची उपमा बोदलेर त्याला देतात. या उपमेत दोन गृहीते दडलेली आहेत. राजपुत्र त्याच नगरीचा असतो, हे पहिले. वेष पालटल्यावर तो गर्दीत खपून जातो, हे दुसरे. बोदलेर यांनी फ्लानरच्या कुतूहलाची तुलना लहान मुलाच्या आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या कुतूहलाशी केली आहे, हे खरे. परंतु ते नवेपण निवडलेले असते. रोजचा रस्ता प्रथमच पाहतो आहोत असे त्याला वाटते. ज्याने तो रस्ता खरोखरच प्रथम पाहिला, त्याच्याविषयी या निबंधात फारसे काही हाती लागत नाही.

जॅनेट वोल्फ यांनी १९८५ मध्ये या प्रतिमेतील पुरुषकेंद्रितता दाखवून दिली. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीला रस्त्यावर अनोळखी होऊन हिंडण्याची मुभा नव्हती, हा त्यांचा आक्षेप मूलगामी आहे. याच दिशेने एक पाऊल पुढे टाकले तर असे दिसते की, अनोळखी राहण्याची मुभा नवख्यालाही नसते. त्याचा पेहराव, वर्ण, उच्चार, इतकेच काय, चौकात क्षणभर थबकणेही तो बाहेरचा असल्याचे सांगत असते. शहर वाचण्यापूर्वीच तो शहराकडून वाचला जातो.

मिशेल द सर्तो यांची मांडणी याहून निराळी आहे. दैनंदिन व्यवहारावरील त्यांच्या १९८० च्या ग्रंथातील प्रसिद्ध प्रकरण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११०व्या मजल्यावरून दिसणाऱ्या मॅनहॅटनने सुरू होते. (२००१ साली ते मनोरे कोसळले, त्यामुळे आज हा प्रारंभ वाचताना वेगळीच अस्वस्थता जाणवते.) उंचावरून शहर नकाशासारखे सलग दिसते. खाली चालणाऱ्यांना ते तसे दिसत नाही, पण तेच ते घडवत असतात. भाषाव्यवस्थेशी उच्चाराचे जे नाते, तेच नगररचनेशी चालण्याचे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चालणारा आडवाटा धरतो, वळणे गाळतो, आणि शहराच्या व्याकरणातून स्वतःची वाक्ये रचतो.

ही मांडणी मोहक आहे. तथापि वाक्ये रचण्यासाठी भाषा येत असावी लागते. आडवाट धरायची तर सरळ वाट आधी ठाऊक हवी. सर्तो यांचा पादचारी भाषा येणारा आहे. मनोऱ्यावरचा प्रेक्षक आणि रस्त्यावरचा वक्ता या दोन टोकांमध्ये एक तिसरी अवस्था आहे आणि तिला त्यांच्या मांडणीत जागा नाही. मराठीत या अवस्थेसाठी एक नेमके क्रियापद आहे : अडखळणे. पाय अडखळतो, तशी जीभही अडखळते. चालणे आणि बोलणे यांच्यातील जो संबंध सर्तो यांना सिद्धान्त म्हणून मांडावा लागतो, तो या क्रियापदात आधीच मुरलेला आहे, आणि तोही दोन्ही क्रिया जेथे बिघडतात त्या जागी. नवख्याच्या पहिल्या दिवसाचा विचार या शब्दापासून करता येईल.

३

बेन्यामिन १९२६ च्या डिसेंबरात मॉस्कोला पोहोचले आणि सुमारे दोन महिने तेथे राहिले. त्यांना रशियन येत नव्हते. दुकानांच्या पाट्या, सभांतील भाषणे, रस्त्यावरचे आवाज हे सारे त्यांच्यापर्यंत अर्थावाचून येत होते. या निबंधातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण मला पायांविषयीचे वाटते. रस्त्यांवर बर्फाचा जाड थर गोठलेला असतो, त्यामुळे येणाऱ्याला चालणे नव्याने शिकावे लागते. मॉस्कोत पाऊल ठेवताच माणसाचे बालपण पुन्हा सुरू होते, अशा आशयाचे ते लिहितात. बोदलेर यांच्याकडील मूल आणि हे मूल यांत मोठा फरक आहे. तेथे बालपण ही दृष्टीची टवटवी होती. येथे ते शरीराचे असमर्थपण आहे.

त्याचा परिणाम दृष्टीवरही होतो. तोल सांभाळणाऱ्याची नजर इमारतींच्या माथ्याकडे जात नाही. ती खाली, जवळच्या वस्तूंवर राहते. म्हणूनच या निबंधात बर्फात मांडलेली दुकाने, लाकडी खेळणी, कागदी फुले, माणसांना घासून जाणाऱ्या बुटक्या घसरगाड्या यांना एवढे स्थान मिळाले असावे. बेन्यामिन यांची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये प्रकाशित झाली. तीत त्यांनी म्हटले आहे की, एखादी जागा चारही दिशांनी गाठल्याशिवाय आणि चारही दिशांना सोडून गेल्याशिवाय कळत नाही. हा निकष मान्य केला तर पहिल्या दिवशी काहीच कळलेले नसते, कारण त्या दिवशी प्रत्येक जागा एकाच बाजूने भेटलेली असते.

येथे बेन्यामिन यांच्याच विचारातील एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. फ्रान्त्स हेसेल यांच्या बर्लिनवरील पुस्तकाच्या १९२९ मधील परीक्षणात ते परक्याचे आणि रहिवाशाचे नगरवर्णन यांत भेद करतात. परक्याला अद्भुत आणि चित्रमय यांचे आकर्षण असते, ते वरवरचे होय. रहिवासी मात्र दूरवर जाण्याऐवजी भूतकाळात शिरतो, आणि खरा फ्लानर तोच. हा भेद स्वीकारला तर मॉस्कोवरील निबंध वरवरचा ठरावा. तसा तो नाही. त्यात अद्भुताचे कौतुक थोडे आणि पडू नये म्हणून घेतलेली सावधगिरी अधिक आहे. परक्याच्या लेखनाला चित्रमयतेपलीकडची एक वाट असते, हे बेन्यामिन यांनी स्वतःच्या निबंधात सिद्ध केले आणि दोनच वर्षांनी सिद्धान्तात मात्र ती विसरली गेली.

४

सेल्व्हन (१९२३–१९९४) हे त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे लेखक. ते १९५० साली लंडनला गेले. त्यांच्या कादंबरीत हेन्री ऑलिव्हर हा तरुण वॉटर्लू स्थानकावर उतरतो. कडाक्याच्या थंडीत पातळ कपड्यांनिशी आणि सामानावाचून आलेल्या या माणसाला मोझेस हा जुना रहिवासी सर गॅलाहॅड असे नाव देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोझेसची सोबत नाकारून गॅलाहॅड एकटाच बाहेर पडतो. त्याला रोजगार कार्यालय गाठायचे आहे. क्वीन्सवेपाशी येईपर्यंत त्याचा सारा आव गळून जातो. माणसे आपापल्या वाटेने चाललेली, सूर्य आहे पण ऊब नाही. एकाएकी एकटेपणाने आणि भीतीने त्याला घेरले जाते. तो उभाच राहतो, आणि वाट अडवल्याबद्दल पोलिसाने हटकेपर्यंत हलत नाही. मोझेस येतो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो.

कथानकाच्या दृष्टीने प्रसंग छोटा आहे, परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक. येथे चालणे थांबते. फ्लानर थांबतो तो पाहण्यासाठी. गॅलाहॅड थांबतो, कारण पुढचे पाऊल कोठे टाकावे हे त्याला कळत नाही, आणि थांबताक्षणी तो अडथळा ठरतो. रस्त्यावर रेंगाळण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो, हे येथे युक्तिवादावाचून कळते. तो हिंडायला निघालेला नाही, कामाच्या शोधात निघालेला आहे. बेन्यामिन यांच्या परीक्षणातील ‘परका’ आणि ‘रहिवासी’ या दोन कोटींत हा माणूस बसत नाही.

शिवाय तो पूर्णार्थाने परका तरी कोठे आहे? १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने वसाहतींतील माणसाला इंग्लंडातील माणसाइतकेच नागरिकत्व दिले होते. लंडनची ठिकाणे त्याला नावांनी आधीच ठाऊक आहेत. चॅरिंग क्रॉस, पिकॅडिली सर्कस ही नावे उच्चारताना गॅलाहॅडला जे मोहरून जाणे होते, त्याचे मूळ यातच आहे. नाव पाठ, पण वाट ठाऊक नाही, अशी ही वसाहतीतील माणसाची विशिष्ट स्थिती आहे. इंग्रजी पुस्तकांतून लंडन वाचलेल्या मराठी सुशिक्षितालाही ती अपरिचित नसावी.

पुढे ही मंडळी बेजवॉटरला ‘वॉटर’, नॉटिंग हिल गेटला ‘गेट’ आणि मार्बल आर्चला ‘आर्च’ म्हणू लागतात. सर्तो यांनी ज्या स्थलनामांच्या पुनर्घटनेविषयी लिहिले, ती येथे प्रत्यक्ष होते. निवेदनदेखील त्रिनिदादच्या बोलीवर घडवलेल्या इंग्रजीत आहे. अर्थात शहर बोलीत आणण्याचे हे सामर्थ्य पहिल्या सकाळच्या मूकपणानंतरचे आहे. आधी अडखळणे आणि मग उच्चार, हा क्रम महत्त्वाचा. आणि उच्चार आल्यावरही वाचले जाणे संपत नाही. सजूनधजून निघालेल्या गॅलाहॅडकडे रस्त्यातले एक मूल बोट दाखवते आणि त्याच्या रंगाचा उल्लेख आईपाशी करते, तेव्हा राजपुत्राला वेष पालटता येत नाही हे पुन्हा एकदा स्पष्ट होते.

५

आता मराठी प्रवासवर्णनाकडे वळता येईल. पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या अमेरिकाविषयक ग्रंथाच्या नावातच ‘लोकस्थिती’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर येते. तेथे भर आहे तो देशाच्या संस्था समजून घेण्यावर. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकापासून लेखकाचे व्यक्तिमत्त्व हा या प्रकाराच्या मूल्यमापनाचा मुख्य निकष बनला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’चे (१९६०) शीर्षकच नवखेपणाला प्रसन्न नाव देते, आणि ‘जावे त्यांच्या देशा’ हे शीर्षक ज्या म्हणीवरून घडले, तिचा उत्तरार्ध ‘तेव्हा कळे’ असा आहे. गेले की कळते, हा विश्वास आपल्या वाचकाभिरुचीत खोलवर रुजलेला आहे.

हा विश्वास वाचकाच्या अपेक्षेतून येतो. प्रवासवर्णनाचा वाचक घरी असतो. त्याला काहीतरी कळून आलेला निवेदक हवा असतो. त्यामुळे पहिल्या दिवसाची दिङ्मूढता लिहिली जातेच, तर विनोदात विरघळवून किंवा घरच्या एखाद्या पेठेची उपमा देऊन ती लगेच निवारली जाते. उपमा हा येथे आधाराचा कठडा असतो. बेन्यामिनही मॉस्कोतून बर्लिनकडेच पाहतात, पण त्या तुलनेने बर्लिनच अनोळखी होऊन जाते. घरच्या शहराला धक्का लावणारी तुलना आणि घरच्या शहराचा आसरा घेणारी तुलना, असा भेद आपल्या समीक्षेने करायला हवा. व्यक्तिमत्त्वाच्या निकषाने तो करता येत नाही, कारण निवेदकाचे व्यक्तिमत्त्व जेवढे खुलते तेवढा कठडा अधिक भक्कम होतो.

फ्लानरची संकल्पना मराठी संहितांवर जशीच्या तशी लावण्यातही हाच धोका आहे. ती आपल्याला निवांत, निरीक्षक, शहराचा जाणता असा निवेदक शोधायला शिकवते आणि तो सापडला की समाधान देते. त्याऐवजी निवेदन कोठे थांबते, कोणत्या चौकात वाक्य अपुरे राहते, निवेदकाकडे कोण पाहते आणि त्या पाहण्याची नोंद होते की नाही, हे प्रश्न विचारले तर आपल्या परिचित प्रवासवर्णनांतीलही काही पाने निराळी दिसू लागतील. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, मजुरीसाठी परमुलखात गेलेल्यांच्या लेखनाला तर प्रवासवर्णनाच्या दालनात जागाच मिळत नाही, कारण त्यात पाहण्याचा निवांतपणा नसतो. गॅलाहॅडची ती सकाळ लक्षात घेता, ही उणीव त्या लेखनाची आहे की आपल्या निकषांची, याचा निवाडा करणे फारसे कठीण नसावे.