घराची बोली, दाराबाहेरची भाषा आणि उपशीर्षक
(आंतरराष्ट्रीय महोत्सवांतील काही मराठी चित्रपटांविषयी)

परदेशांतील चित्रपटमहोत्सवांत ज्या मराठी चित्रपटांचा गौरव झाला त्यांची नामावली पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्यांतील बहुतेकांच्या केंद्रस्थानी एखादे कुटुंब असून त्या कुटुंबावर जातीचे, कायद्याचे, कर्जाचे अथवा लोकरूढीचे दडपण आहे. या चित्रपटांविषयी जे लिहिले जाते त्यात वास्तवता, संयम आणि संथ गती या तीन गुणांचा उल्लेख हटकून येतो. हे गुण त्यांत नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांतील खरे नाट्य ज्या ठिकाणी घडते ते ठिकाण या शब्दांनी दाखविले जात नाही. ते ठिकाण घराचा उंबरठा हे होय. उंबरठ्याच्या आत एक बोली आहे, बाहेर दुसरी भाषा आहे, आणि पात्र उंबरठा ओलांडते तेव्हा त्याच्या तोंडची भाषा पालटते. इंग्रजी उपशीर्षकांत या दोन्ही भाषांचे इंग्रजी होते. परिणामी परदेशी प्रेक्षकाला दडपण दिसते, पण ऐकू येत नाही.

ही अडचण आजची नव्हे. प्रभात कंपनीचा, दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ 1936 साली प्रदर्शित झाला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. संताच्या घरी दाणा नाही, आणि घराबाहेर सालोमालोचे धर्मसत्तेचे वैर आहे, असा तो संसार. त्यातील जिजाईची भाषा ऐकावी. तुकारामाची वाणी आणि तिची फटकळ, चुलीपुढची बोली यांच्या घर्षणातून त्या चित्रपटाची ऊब निर्माण होते. मूल आजारी पडल्यावर ती देवळात जाऊन पांडुरंगावरच पायताण उगारते, तेव्हा देवाशी बोलतानाही तिची बोली बदलत नाही. त्या घरातील बाहेरच्या सत्तेला न दबणारे ते एकमेव माणूस आहे, हे तिच्या शब्दांच्या धाटणीवरून कळते. पुढील काळातील पात्रांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

तुलनेच्या सोयीसाठी दोन प्रेक्षक कल्पावेत. एक व्हेनिस वा बर्लिन येथील, आणि दुसरा जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा या गावचा. धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने वसलेले आहे. एका अंगास बुलढाण्याकडची वऱ्हाडी, डोंगरापलीकडे खानदेशची बोली, आणि स्वतःची मराठवाडी. शिवाय हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. घरी एक भाषा व कचेरीत दुसरी, हा अनुभव या भागाला पूर्वापार आहे. धावड्याच्या प्रेक्षकाला उपशीर्षकाची गरज नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि ते पूर्णतः खरे नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटाचे नावच मराठी नाही. तो कैकाडी शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात कैकाडीचा विचार तमिळच्या सोबतीने केला आहे, आणि या एका शब्दावरूनही ते नाते उघड होते. तमिळमध्ये डुकराला ‘पन्ऱि’ म्हणतात, तेलुगूत ‘पंदि’, आणि आद्य ‘प’चा ‘ह’ झाल्यामुळे कन्नडमध्ये ‘हंदि’. महाराष्ट्रातल्या एका खेड्याच्या कडेला राहणाऱ्या कचरू माने याच्या झोपडीत एक द्राविड शब्द पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. भाषेच्या अभ्यासकाला हा ठेवा वाटेल. जब्याला तो डाग वाटतो, कारण गावातील पोरांनी तोच शब्द घरातून उचलून त्याच्या अंगावर फेकला आहे. ‘डुक्कर’ हा मराठी शब्द त्यांच्याजवळ असताना त्यांनी हा निवडला, यातच त्या शिवीची धार आहे. डुक्कर म्हटले असते तर ती केवळ शिवी झाली असती. फँड्री म्हटल्याने ती जात झाली, घर झाले, आईबापांचे बोलणे झाले. शाळेत जाणारा, शालूकडे पाहणारा जब्या मराठीच्या आश्रयाला का जातो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. व्हेनिसचा प्रेक्षक शीर्षकाचा अर्थ एका ओळीत वाचून पुढे जातो. धावड्याचा प्रेक्षकही येथे परकाच असतो. फरक इतकाच की, तो शिवी देणाऱ्यांच्या भाषेत बसलेला आहे, आणि ही जाणीव त्याला अस्वस्थ करू शकते.

याच चित्रपटातील डुकराच्या पाठलागाचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहतो. हातातोंडाशी आलेले डुक्कर, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर. जब्या थबकतो, त्याच्यामागे सारे घरच उभे राहते, आणि डुक्कर निसटते. येथे राष्ट्राची भाषा आणि घराचा धंदा समोरासमोर येतात व कुणीही एक शब्द बोलत नाही. उपशीर्षक लिहिणाऱ्यालाही येथे काम नाही. परदेशी समीक्षकांनी या प्रसंगाची जितकी वाखाणणी केली तितकी घरातील संभाषणांची केली नाही. ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे, कारण तेवढाच भाग त्यांच्यापर्यंत अखंड पोहोचला.

त्याच दिग्दर्शकाचा ‘सैराट’ 2016 साली बर्लिनच्या महोत्सवात तरुण प्रेक्षकांसाठीच्या विभागात दाखविला गेला. त्यातील आर्ची ही गावावर हुकमत चालविणाऱ्या घरातील मुलगी. मराठीत सांगितलेले समजत नसेल तर इंग्रजीत सांगावे काय, अशा अर्थाचा तिचा प्रश्न महाराष्ट्रभर तोंडोतोंडी झाला. इंग्रजी उपशीर्षकात या वाक्याचे काय होत असेल याची कल्पना करावी! मराठी आणि इंग्रजी यांतील अंतरावर उभा असलेला तो दरारा दोन्ही बाजूंनी इंग्रजीच झाल्यावर कशावर उभा राहणार? परंतु या वाक्याचे महत्त्व विनोदापुरते नाही. हीच मुलगी पुढे हैदराबादेत येते, तेव्हा ना तिची मराठी उपयोगी पडते, ना तिची शाळेतली इंग्रजी. तिला तेलुगू शब्द एकेक करून शिकावे लागतात. बुलेट चालविणारी, आवाज चढविणारी आर्ची पहिल्यांदा भाषेवाचून गप्प होते, आणि त्या मौनातच तिने बापाचे घर किती मागे टाकले ते कळते. या जागी धावड्याचा प्रेक्षक आर्चीइतकाच अनभिज्ञ असतो, व तेच योग्य आहे. शेवटच्या प्रसंगात ध्वनी काढून घेतला आहे. उत्तरार्धाची लांबी व पूर्वार्धातील गाण्यांची रेलचेल यांविषयी आक्षेप घेता येतील. या शेवटाविषयी घेता येत नाही.

तथापि प्रस्तुत मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत संपन्न कृती म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. व्हेनिस येथे 2014 साली त्याला ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा असे दोन पुरस्कार मिळाले, व त्याच वर्षासाठीचा भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला शब्दांवरचा आहे; परंतु न्यायालयात शाहिराच्या शब्दांची भाषा कोणाचीच नाही. सरकारी वकील नूतन कायद्याची कलमे इंग्रजीत एका सुरात वाचून दाखविते. बचावाचा वकील व्होरा गुजराती घरातला. न्यायाधीश साक्ष मराठीत ऐकतो आणि लघुलेखकाला इंग्रजीत सांगतो. साक्षीदाराने काय म्हटले याचे त्या क्षणी दुसरेच काही होऊन जाते. व्हेनिसच्या प्रेक्षकाला साक्ष आणि तिची नोंद ही दोन्ही इंग्रजीतच पोहोचतात, आणि त्यांमधील दरी त्याच्यापुरती बुजते. दरी हाच चित्रपटाचा विषय असल्याने ही हानी लहान नव्हे.

असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’ (2011, बर्लिनचा सुवर्ण अस्वल) यासंदर्भात आठवतो. तेथेही कुटुंबे न्यायाधीशापुढे येतात. परंतु वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश हे सारे फारसीतच भांडतात, आणि म्हणून भांडू शकतात. वर्ग वेगळा, श्रद्धेची तीव्रता वेगळी, पण भाषा एक. ‘कोर्ट’मध्ये भांडण होऊच शकत नाही, कारण एका बाजूचे बोलणे नोंदीत उतरतच नाही.

‘कोर्ट’मध्ये कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि आरोपीचे कुटुंब मात्र जवळजवळ दिसत नाही, ही रचना अर्थपूर्ण आहे. नूतन घरी जाते, मुलाला सोबत घेते, स्वयंपाक करते. परप्रांतीयांची खिल्ली उडविणारे नाटक सहकुटुंब पाहते. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना, त्या म्हाताऱ्याला वीस वर्षे टाकून मोकळे व्हावे, असे ती सहज बोलून जाते. इंग्रजीत वाचलेल्या कलमांपेक्षा ही घरगुती मराठी अधिक भयंकर आहे. तिच्यात द्वेष नाही, केवळ कंटाळा आहे. न्यायाधीशाच्या सहलीचा शेवटचा भाग मात्र थोडा ठासून सांगितल्यासारखा वाटतो. नूतनच्या दृश्यांतील निर्मळपणा तेथे राहत नाही.

आणि मृत कामगाराची विधवा. गटारात उतरण्यापूर्वी नवरा दारू पीत असे, आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे, हे ती कोणताही चढउतार न करता सांगते. तिची उत्तरे आखूड आहेत. विचारले तेवढेच. सरकारी खोलीत उभ्या राहिलेल्या मराठी माणसाची ही भाषा धावड्याच्या प्रेक्षकाला सांगावी लागणार नाही. तहसील कार्यालयाच्या खिडकीपुढे आपलेही वाक्य असेच आखडते, हे त्याला ठाऊक आहे. साक्षीनंतर वकील तिला मोटारीतून सोडतो व पैसे देऊ करतो, तेव्हा ती पैसे नाकारून काम मागते. त्या एका वाक्यात ती साक्षीदाराची भाषा सोडून स्वतःची भाषा बोलते.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) रॉटरडॅमला दाखविला गेला. शीर्षकातील विशेषण ही विदर्भाकडची शिवी; इंग्रजी नावात तिचे ‘शापित’ झाले आणि शेतकऱ्याचा आकाशाशी असलेला सलगीचा राग गेला. शेजारी आत्महत्या झाल्यावर अलकाला नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती शंका तोंडाने विचारता येत नाही, म्हणून ती मुलाला बापाच्या पाळतीवर ठेवते आणि नवऱ्याला गोडधोड खाऊ घालते. मराठवाड्याने हे मौन जवळून पाहिले आहे.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 साली सनडान्सच्या महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि बाळ्या यांच्या नात्याला घरातील नातेवाचक शब्दांत जागा नाही. लग्नाचा प्रश्न मात्र प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी तयार आहे. येथे दिग्दर्शकाने संवाद कमी केले, हे उचितच झाले.

जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये (2023; टोरांटो येथे ‘नेटपॅक’ पुरस्कार) याच्या उलट आहे. तेथे बोलणे भरपूर, पण ते सारे ठराविक. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. कापूसकऱ्याची मुलगी सविता पाटावर बसून तीच उत्तरे पुनःपुन्हा देते. परदेशी प्रेक्षकाला ही पुनरावृत्ती विचित्र वाटून तो हसतो. धावड्याचा प्रेक्षकही हसेल. पण त्याच्या शेजारी बसलेली त्याची बहीण, जिला पुढील रविवारी पाहायला येणार आहेत, ती हसेल की नाही, हे उपशीर्षकांवरून ठरणार नाही.