हस्तर कुठल्या गावचा?

'तुंबाड'बद्दल बाहेरच्या देशांत जे लिहिलं गेलं, त्यात 'लोककथा' हा शब्द सारखा भेटतो. मला दर वेळी हसू येतं. हस्तर नावाचा देव माझ्या आजीला ठाऊक नव्हता, तुमच्याही नसेल. तो सिनेमासाठी घडवलेला आहे. नावाचा माग काढत गेलं तर कोकणाऐवजी अमेरिकेतच पोचायला होतं : अँब्रोज बिअर्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या एका कथेत 'हास्टर' आहे, आणि पुढे लव्हक्राफ्टच्या गोतावळ्यात तो भयंकर होत गेला. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

साखळीने बांधलेल्या म्हातारीचंही तेच. ती नारायण धारपांच्या 'आजी'तून आली आणि धारपांची 'आजी' स्टीफन किंगच्या 'ग्रामा'वरून. म्हणजे 2018 साली राही अनिल बर्वेंचा सिनेमा व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये, मग टेक्सासच्या फँटॅस्टिक फेस्टमध्ये आणि स्पेनमधल्या सिचेसला पोचला, तेव्हा पश्चिमेचंच भूत आपल्या वाड्यात राहून, आपल्या पावसात भिजून तिकडे परत गेलं.

मला यात काहीच उणं वाटत नाही. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून मी धारप आणायचे, बाइंडिंग सुटलेले, शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची गर्दी. इतके वाचले गेले आणि समीक्षेत त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद. सिचेससारख्या ठिकाणी असं नाक मुरडत नाहीत. तो महोत्सव 1968 पासून चालू आहे, प्रेक्षक या प्रकारावर जीव टाकणारा. बर्वेंनी पहिला खर्डा लिहिला 1997 मध्ये, अठराव्या वर्षी. निर्माते येत-जात राहिले. शूटिंग सुरू झालं 2012 ला, 2015 ला बराच भाग पुन्हा चित्रित केला. एवढी वर्षं एका भयपटामागे घालवणारा माणूस आपल्याकडे वेडाच ठरतो. तिथे तो वेडा ठरला नाही, हे महोत्सवांचं मोठं देणं.

पण उसनं भूत टिकलं कशाच्या जोरावर? 1933 ते 1947 या काळात विनायक पुण्याहून तुंबाडला येत-जात राहतो, लंगोटातून सुटतील तेवढी नाणी घेऊन परततो आणि शेवटी हा धंदा पोराला शिकवतो. कणकेची बाहुली कशी वापरायची, दोरावरून कसं उतरायचं, हे बाप मुलाला दुकानाचा गल्ला समजावून द्यावा तसं समजावतो. मला राक्षसापेक्षा या शिकवणीची भीती वाटली. हे किंगमध्ये नाही, लव्हक्राफ्टमध्ये तर नाहीच. हे श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'च्या मुलखातलं आहे. सिनेमाने तिथून फक्त गावाचं नाव घेतलं असं म्हणतात, मला ते पटत नाही.

आणि ही सगळी माणसं हिंदी बोलतात. सबटायटल वाचणाऱ्याला काय फरक पडणार? ठाण्याच्या मॉलमध्ये बघताना मला पडला. अंधारात आई पोराला गप्प करते तेव्हा ती कुठल्या भाषेत दटावते, यावर अर्धी भीती ठरते. पैशांचं गणित मला कळतं. एवढ्या खर्चाचा सिनेमा मराठीत कोण करू देणार होतं?

उलट बाजूने विशाल फुरिया बघा. 'लपाछपी' (2017) मराठीत, थोडक्या पैशांत, उसाच्या फडात. त्यातली उषा नाईक यांची तुळसाबाई जेवू घालते, काळजी करते, आणि तिच्या त्या मायाळू बोलण्यानेच अंगावर काटा येतो. देशभर पोचायला त्याच दिग्दर्शकाला तोच सिनेमा 2021 मध्ये 'छोरी' म्हणून हिंदीत करावा लागला. ऊस तसाच राहिला, तुळसाबाईचा सूर गेला. 'छोरी' दिसते जास्त चांगली, घाबरवते कमी.

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली, त्यात बर्वे नाहीत. तोही हिंदीतच येणार असं धरून मी आत्ताच कुरकुर करून घेतेय.