"डायनिंग कार तोट्यात आहे": या वाक्याची चिरफाड

"एखाद्या दाव्याची चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला हे विचारतात. आज एक उदाहरण घेऊ, तेही खाण्याचं.

युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या गाड्यांबद्दल एक वाक्य सारखं कानावर येतं: "डायनिंग कार तोट्यात चालते, म्हणजे प्रवाशांना ती नकोच आहे." ऐकायला पटतं. पण यात तीन चुका आहेत, आणि त्या आपण आपल्या प्रपोजलमध्येही सर्रास करतो.

पहिली चूक मोजमापाची. डायनिंग कार मुळात आली कशासाठी? त्याआधी गाडी जेवणासाठी स्टेशनवर थांबायची आणि प्रवासी घाईघाईत चार घास पोटात ढकलायचे. १८८३ मध्ये पॅरिसहून निघालेल्या ओरिएंट एक्सप्रेसमध्ये जेवण चालत्या गाडीतच मिळू लागलं. म्हणजे इथे फायदा होता तो वेळेचा आणि तिकीट विकलं जाण्याचा. आज आपण फक्त सूपच्या बिलाचा हिशोब मांडला, तर भलतीच गोष्ट मोजतोय. जेवणाच्या सोयीमुळे विमान सोडून रेल्वेने आलेला प्रवासी त्या हिशोबात दिसतच नाही.

दुसरी चूक कारण-परिणामाची. मेन्यू कमी केला, ताज्या जेवणाऐवजी पाकिटं गरम करून दिली, तर विक्री घसरणारच. मग तीच घसरण "मागणी नाही" याचा पुरावा म्हणून दाखवायची? हे म्हणजे रोपाला पाणी न घालता "या मातीत काही उगवत नाही" म्हणण्यासारखं झालं.

तिसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते: सीमा हा व्हेरिएबलच गाळला जातो. युरोपीय संघाच्या व्हॅट नियमानुसार गाडीत वाढलेल्या जेवणावरचा कर गाडी जिथून निघते त्या देशाचा लागतो. म्हणजे प्राग ते हॅम्बुर्ग जाताना चेक कर आणि परतताना जर्मन. तोच डबा, तीच थाळी, पण हिशोब वेगळा! मॉस्को–बीजिंग गाडीत तर आणखी निराळी पद्धत होती. सीमेवर डायनिंग कारच बदलायची: चीनमध्ये चिनी, मंगोलियात मंगोलियन, रशियात रशियन. एकाच स्वयंपाकघराने सीमा ओलांडायची की सीमेवर स्वयंपाकघर बदलायचं, याचा खर्चावर परिणाम होणारच. दोन्ही प्रकारांना "तोटा" हे एकच लेबल लावून कसं चालेल?

आता स्वतःवरही टीका करते. मला चेक डायनिंग कार मनापासून आवडते. ड्रेस्डेन सोडलं की खिडकीबाहेर एल्बे नदी आणि समोर गरम जेवण, आणखी काय हवं? म्हणून माझ्या पहिल्या मसुद्यात मी डायनिंग कारमध्ये बसलेल्यांनाच प्रश्नावली द्यायचं ठरवलं होतं. गाइडने एकच प्रश्न विचारला, "आणि जे जेवायला आलेच नाहीत, त्यांना कधी विचारणार?" दोन महिन्यांचं काम पाण्यात. पण ते बरोबर होते. माझं सॅम्पल म्हणजे माझ्याच आवडीचा आरसा होता.

मग बरा प्रश्न कोणता? प्राग–ड्रेस्डेन–बर्लिन या एकाच मार्गावर चेक डायनिंग कारच्या गाड्या धावतात आणि 'हंगेरिया' ही हंगेरियन डायनिंग कारची गाडीही. रूळ तेच, स्टेशनं तीच, स्वयंपाकघरं दोन. तुलनेसाठी जागा छान आहे. पण हंगेरिया दिवसातून एकदाच जाते, त्यामुळे जेवणाच्या वेळेचा परिणाम वेगळा काढावा लागेल. तो काढल्याशिवाय "हंगेरियन जेवण जास्त खपतं" असा निष्कर्ष काढला, तर व्हायवामध्ये पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

डायनिंग कार वाचलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. कदाचित हिशोब नीट मांडल्यावरही ती तोट्यातच निघेल. पण एकदा डबा काढला की मोजायला काहीच उरत नाही. म्हणून आधी मोजमाप तपासायचं, निर्णय नंतर.

सरावासाठी घरचं उदाहरण घ्या: डेक्कन क्वीनची डायनिंग कार. ती "फायद्यात आहे का?" हा प्रश्न संशोधनाचा करायचा असेल, तर तुम्ही कोणाला विचाराल, आणि कोणाला विचारायचं विसराल?