परकं कोण, मगर की चिलापी?

मंडळी, शिरवळात बसून केमनवर बोलायचं म्हणजे जरा लांबचंच. नीरेत केमन नाही. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. डोळ्यांमधल्या हाडाच्या उंचवट्यामुळे चष्मा घातल्यासारखा दिसतो. अमेरिकेत हौसेखातर त्याची पिल्लं घरात आली, मोठी झाल्यावर कुणी सोडली, काही निसटली. आज दक्षिण फ्लोरिडात आणि प्युर्टो रिकोत ती रुजली आहेत.

आमचा आक्षेप केमनवर नाही, आपल्या भाषेवर आहे. मराठी बातमीत केमन आला की त्याला सरळ 'मगर' म्हणतात. वेगळा शब्द नाही, मान्य. पण केमन अ‍ॅलिगेटरच्या कुळातला, कृष्णेतली मगर दुसऱ्या कुळातली. दोघांना एका नावात कोंबलं की वागणूकही एकच मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीच्या रस्त्यांवर मगरी दिसल्या, तेव्हा शब्द कुठला आला? 'घुसखोरी'. अहो, नदीच गावात शिरली होती! भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगर मूळची रहिवासी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. पाणवठ्यावर माणसं गेली आहेत, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचा राग खराच आहे, तो आम्ही शब्दांच्या वादात उडवून लावणार नाही. पण 'घुसखोर' म्हटलं की पुढची मागणी ठरलेली: हलवा यांना. कुठे हलवायचं, हे त्या बातमीत नसतं.

आता चिलापी घ्या. मूळ आफ्रिकेतला मासा, भारतात आला १९५२ मध्ये. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विणीला येते, मग बाकीच्यांना जागा कुठली? आणि आपण अभिमानाने म्हणतो काय, तर 'उजनीची चिलापी'! ताटात आली की परकी राहत नाही, बघा. कटला आणि रोहूसुद्धा गंगेच्या खोऱ्यातले, धरणांत आपणच सोडलेले. त्यांना 'गावरान' म्हणून विकतात. मरळ, वांब यांचं नाव मात्र म्हाताऱ्या भोयांकडूनच ऐकायचं.

इथे आमच्या टीकेलाही अडचण आहे. त्याच भोयांची चूल आज चिलापीवर पेटते. तिला शत्रू ठरवून टाळ्या घेणं सोपं. जाळं रिकामं आलं तर भरपाई कोण देणार? आफ्रिकन मांगूरवर २००० मध्ये बंदी आली, तरी पुढे कितीतरी वर्षं त्याची तळी पाडावी लागली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात 'आक्रमक परदेशी प्रजाती' असं कलमच आलं, पण अशी प्रजाती कोणती ते सरकारने अधिसूचनेने ठरवायचं. म्हणजे पुन्हा शब्दापाशीच आलो: यादीत नाव कोणाचं, आणि ते कोण लिहिणार?

मागून गप्पी माशांचं विचारलंय. हो, डेंग्यूच्या दिवसांत डबक्यांत सोडतात तेच. तेही दक्षिण अमेरिकेतले, केमनच्याच मुलखातले. कार्यक्रमाला हार-तुरे असतात, फोटो निघतात. 'घुसखोरी' हा शब्द त्या बातमीत आम्हाला अजून दिसलेला नाही.