वाघ हलत का नाही?

सकाळी साडेदहाला सिद्धार्थ उद्यानातल्या पांढऱ्या वाघासमोर तीस-चाळीस माणसं उभी होती आणि सगळ्यांची तक्रार एकच होती: वाघ हलत नाही. तो सावलीत आडवा पडला होता. एका मुलाला त्याच्या काकानं खांद्यावर घेतलं होतं. काका म्हणत होता, "थांब, आता उठेल." मागून कुणीतरी शिट्टी मारली. एक बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "इंजेक्शन दिलेलं असतं त्यांना." सात-आठ मिनिटांनी गर्दी माकडांकडे सरकली, कारण माकडं तरी काहीतरी करतात.

मी त्या दिवशी स्कूटर घेऊन एकटाच निघालो होतो. छत्रपती संभाजीनगरचं मध्यवर्ती बसस्थानक ते वेरूळ या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात माणसांनी बघण्यासाठी म्हणून ठेवलेले प्राणी, जिवंत, धातूचे, दगडाचे, एका दिवसात पाहायचे, एवढाच बेत होता. एकटाच अशासाठी, की सोबत कुणी असलं की "बघितलं ना? चला" सुरू होतं. आपण एखादं पुस्तक वाचतो तसं ही ठिकाणं वाचता येतील का, हे मला बघायचं होतं. कोणी, कोणासाठी, काय म्हणून मांडलंय?

पांढऱ्या वाघाच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात सरळ विचारता येतो, कारण पांढरा वाघ ही निम्मी माणसाचीच रचना आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. जगभरच्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच्या वंशातले. मोहनची पहिली संतती नेहमीसारखी पिवळी निघाली. हा रंग ज्या जनुकीय बदलामुळे येतो तो अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून मोहनचा संकर त्याच्याच मुलीशी, राधाशी, करण्यात आला, आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. पुढे रंग टिकवायचा तर नात्यातच जुगवणं आलं, आणि त्यासोबत तिरळेपणासारखी दुखणीही आली. म्हणजे 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून आपण जे बघायला जातो, ते सत्तरेक वर्षं नेटानं चालवलेलं एक वंशावळीचं रजिस्टर आहे.

हे पाटीवर नसतं. प्राणिसंग्रहालयातल्या पाट्यांचा साचा देशभर एकच: नाव, शास्त्रीय नाव, आहार, आयुर्मान, गर्भधारणेचा काळ. या पाटीवर जातीची माहिती असते. समोर जो एक प्राणी पडलाय त्याच्याबद्दल अवाक्षर नसतं. तो इथे जन्मला की आणला, त्याची आई कोण, तो पांढरा का, त्याला दुपारी कुठली बाजू आवडते, हे त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला नक्की माहीत असणार. त्या माणसाला पाटी लिहायला कुणी सांगत नाही.

आपण त्या एका प्राण्याला देतो ते फक्त नाव. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक या शहरात झाली, तेव्हा इथल्या तीन बछड्यांचं बारसं चिठ्ठ्या काढून झालं: श्रावणी, विक्रम, कान्हा. त्यात एक चिठ्ठी 'आदित्य' अशी निघाली होती. ती बाजूला ठेवून दुसरी काढण्यात आली. बातम्यांत त्यावर दोन दिवस चांगली करमणूक झाली. नावांच्या बाबतीत हे शहर मुळातच हळवं आहे, मी काय सांगावं. पण त्या बातमीत बछडे कुठेच नव्हते. नाव त्यांचं, भांडण आपलं.

वाघाने काही बोलावं ही अपेक्षा आपल्याकडे जुनी असावी. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. ज्ञानेश्वरांनी तिथे रेड्यामुखी वेद वदवले ही कथा मराठी माणसाला पाळण्यात कळते. कथेचा रोख ब्रह्मवृंदाच्या अहंकारावर आहे आणि तो अचूक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा रेड्याच्या बाजूनं ऐकून बघा. एकदाच बोलायची संधी मिळाली, तीही दुसऱ्यांचा पाठ म्हणण्यात गेली.

जॉन बर्जर या इंग्रज समीक्षकाचा 'प्राण्यांकडे का पाहायचं' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक गाजलेला निबंध आहे, १९८० च्या त्याच्या संग्रहात आलेला. त्याचं म्हणणं साधारण असं, की प्राणी माणसाच्या रोजच्या जगण्यातून नाहीसे झाले आणि मग त्यांचं स्मारक म्हणून प्राणिसंग्रहालयं आली. तिथे प्राण्याची आणि आपली नजरानजर होऊच शकत नाही. निबंध मला आवडतो, पण तो इथे पुरता लागू पडत नाही. युरोपात प्राणी गेले असतील. आपल्याकडे कुठे गेलेत? उद्यानाच्या फाटकाबाहेर गाय कागद खात होती, रिक्षाखाली कुत्रं झोपलं होतं, आणि त्या कुत्र्याला कुणीच "हलत नाही" म्हणत नव्हतं. आपल्या अवतीभवतीच्या प्राण्याला काहीतरी काम असतं: दूध, ओझं, राखण, नवस, मटण. पिंजऱ्यातल्या वाघाला काम नाही. मग त्याला आपण एक काम लावतो, ते म्हणजे आपलं तिकीट वसूल करून देणं.

हा मुद्दा मी तिथेच बाकावर बसून मोबाइलमध्ये टिपून ठेवला आणि स्वतःवर खूश झालो. मग मघाशी काढलेली चित्रफीत पुन्हा पाहिली. एकोणीस सेकंदांची. वाघ पडलेला, शेपटीचं टोक एकदा उचललं जातं, आणि अगदी जवळून, म्हणजे फोन धरणाऱ्याच्याच तोंडून, आवाज येतो: "ऊठ ना यार." मी ते म्हटल्याचं मला आठवतही नव्हतं.

पाणचक्कीला फार वेळ थांबलो नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही मैलांवरून जमिनीखालच्या नळांतून येणारं पाणी उंचावरून पडतं, त्यावर एकेकाळी पीठ दळलं जाई. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांची, यात्रेकरूंची सोय. समोर लांबट हौद आहे आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. वर काठावर उभे राहून लोक माशांना मुरमुरे टाकत होते. पाणी तोंडांनी नुसतं उकळत होतं. खाली दालनात उभं राहिलं की हे सगळं आपल्या डोक्यावर चाललंय हे माहीत असतं, दिसत काही नाही. दिवसभरात पाहिलेल्यांपैकी ही एकच जागा, जिथे प्राणी वर आणि बघणारा खाली होता. माशांचं आणि माणसांचं बरं चाललं होतं, कारण मासे हलतात.

छावणी, पडेगाव, मग मिटमिटा. सिद्धार्थ उद्यानातली जागा प्राण्यांना अपुरी असल्याचे आक्षेप केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं घेतले, त्यातून मिटमिट्याला शंभरेक एकरांवर नवं सफारी पार्क करायचं ठरलं. मोठी जागा हवीच. मात्र जागा मोठी झाली की वाघ दिसणंही कमी होईल, आणि तेव्हा तिकीट काढलेला माणूस काय म्हणेल याची मला थोडी धास्ती आहे.

दौलताबादला खंदकाजवळ एक गाइड आठ-दहा जणांना सांगत होता, "साहेब, यात मगरी सोडलेल्या असायच्या." हे वाक्य मी शाळेच्या सहलीत याच जागी ऐकलं होतं. मगरी होत्या की नव्हत्या यापेक्षा गंमत अशी, की सगळ्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. मीही. त्याच वेळी आमच्या डोक्यावर तटावर वानरांची टोळी बसली होती, खरीखुरी, आणि तिच्याकडे लक्ष फक्त पिशव्या सांभाळण्यापुरतं होतं. व्यंकटेश माडगूळकरांनी अशाच वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिलं, त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाची किंमत मला त्या तटाखाली नव्यानं कळली. ते पुष्कळदा माणसांच्या राजकारणाचं रूपक म्हणून वाचलं जातं. मला हे वाचन आळशी वाटतं. आधी ती वानरं आहेत, मग वाटल्यास आपण. रूपकाची घाई म्हणजेही "ऊठ ना यार"च.

आणि मग मेंढा तोफ. किल्ला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, असं तिचं फारसी नाव. लोकांनी मात्र तिचं नाव तिच्या मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या मुंडक्यावरून ठेवलं. गाइड लोक तिचा पल्ला सांगतात, ती बुरुजावर कशी फिरवता येई ते सांगतात. मेंढाच का आणि मागेच का, हे कुणी विचारत नाही. मी बराच वेळ तिथे बसलो. शत्रूला भीती घालायची तर मुंडकं तोंडाशी हवं. इथे ते गोलंदाज उभा राहतो त्या बाजूला आहे. मला सुचलेलं उत्तर कुठल्या पुस्तकातलं नाही, पण मेंढ्यांची टक्कर पाहिलेल्या कुणालाही ते पटेल: मेंढा धडक देण्याआधी मागे सरतो. तोफ डागली की धक्का मागे येतो. ज्या कारागिरानं ती वळलेली शिंगं घडवली त्यानं मेंढाही पाहिला होता आणि तोफही, आणि दोघांमधला तो मागे सरण्याचा क्षण पकडला. कदाचित हा माझाच खेळ असेल. तरी मगरीपेक्षा याला जास्त आधार आहे. मुंडकं निदान समोर आहे.

वाटेत खुलताबादला भद्रा मारुती झोपलेला आहे. रांग लावून लोक त्याचं दर्शन घेतात आणि तिथे कुणी "हलत नाही" म्हणत नाही.

वेरूळला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडलेलं. सगळे सांगतात की जोत्यावरचे हत्ती देऊळ पाठीवर पेलतात. पेलत असतीलही. पण मी एकेका हत्तीजवळ थांबत गेलो तेव्हा त्यांपैकी बरेच दुसऱ्याच उद्योगात दिसले. कुणी सोंडेनं कमळं ओढतोय, कुणी सिंहाशी झुंजतोय. पुष्कळांच्या सोंडा तुटल्यात. देऊळ पेलणं हे आपण त्यांना लावलेलं काम. करणाऱ्यानं त्यांना कमळं दिली होती. वरून खाली कातळ फोडत येणाऱ्या माणसांना जोत्याशी पोचेपर्यंत काही वर्षं लागली असणार, आणि तिथे येऊन कुणीतरी ठरवलं की हा हत्ती जरा खाऊ दे.

माझ्या शेजारी एक पाच-सहा वर्षांची मुलगी वडिलांचा हात ओढत होती. "बाबा, याचं नाव काय?"

वडिलांनी पाटी शोधली. दोन्ही बाजूंना पाहिलं. "हत्ती आहे, बाळा."

"हत्ती माहितीये. नाव?"

वडील हसले आणि माझ्याकडे बघितलं. मलाही माहीत नव्हतं. मुलगी हात सोडवून हत्तीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, तुटलेल्या सोंडेच्या खाली, मान वर करून. तेवढ्यात बंद व्हायची वेळ झाली म्हणून पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली.