शून्य कुठे मोजायचे?

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हमखास दोन तट पडतात. एका तटाच्या मते ही गाडी म्हणजे पर्यावरणाच्या प्रश्नावरचे अखेरचे उत्तर : टाकीत वायू भरा, मागून पाण्याची वाफ सोडा आणि खुशाल फिरा. दुसऱ्या तटाच्या मते हा सगळा तेल कंपन्यांनी मांडलेला देखावा. दोन्हीकडे उच्चशिक्षित माणसे असतात, दोन्हीकडे आकडे असतात आणि तासाभराच्या वादानंतरही कोणी जागचे हललेले नसते. गेली पस्तीस वर्षे अमेरिकेतील जाहीर चर्चा, म्हणजे वर्तमानपत्रांतले लेख, विधिमंडळांतल्या सुनावण्या, राजकारण्यांची भाषणे, थोड्याफार फरकाने अशीच चालली आहे. ती अशी का चालते आणि तिची किंमत कोण मोजते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

थर्मोडायनॅमिक्स शिकवणारे शिक्षक सुरुवातीलाच एक गोष्ट बजावतात. गणित मांडण्याआधी, ज्या वस्तूचा विचार करायचा तिच्याभोवती एक तुटक रेघ काढा. रेघेच्या आत काय येते आणि बाहेर काय जाते, तेवढेच मोजा. रेघ चुकली तर पुढची आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते. हायड्रोजनच्या चर्चेवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिथे रेघ उघडपणे कोणी काढतच नाही. प्रत्येकजण ती मनातल्या मनात आपल्या सोयीने काढतो आणि मग उत्तरावरून भांडतो.

'झीरो एमिशन' हा शब्दच घ्या. तो रूढ झाला कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डामुळे. १९९० साली या बोर्डाने नियम केला की मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९८ पासून राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के आणि २००३ पासून १० टक्के गाड्या शून्य उत्सर्जनाच्या असल्या पाहिजेत. त्या काळी बोर्डापुढचा प्रश्न होता लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा. धुरके ही स्थानिक पीडा आहे. गाडीच्या मागच्या नळीतून निघालेले वायू त्याच खोऱ्यात, त्याच उन्हात शिजतात आणि तिथल्याच मुलांच्या छातीत जातात. म्हणून गाडीच्या नळीपाशी रेघ काढणे हे अगदी योग्य शास्त्र होते. वीज दूरच्या वाळवंटात तयार झाली तरी शहराची हवा सुधारणारच होती.

पुढे काळ बदलला. चिंतेचा विषय धुरक्याकडून पृथ्वीच्या तापमानवाढीकडे सरकला. कार्बन डायऑक्साइडला गावाची वेस ठाऊक नसते. तो नळीतून निघो की शंभर मैलांवरच्या कारखान्यातून, परिणाम एकच. तेव्हा रेघही मोठी व्हायला हवी होती. पण शब्द तोच राहिला, आणि शब्दाबरोबर जुनी रेघही राहिली. माझ्या मते या साऱ्या चर्चेचे मूळ दुखणे इथे आहे.

मोठी रेघ काढून पाहू. अमेरिकेत दरवर्षी सुमारे १ कोटी टन हायड्रोजन तयार होतो, आणि त्यातला बहुतेक सगळा नैसर्गिक वायूपासून. या पद्धतीत १ किलो हायड्रोजनमागे कारखान्यातच ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टोयोटाची मिराई १ किलोत साधारण ७० मैल जाते. म्हणजे मैलामागे १३० ते १४० ग्रॅम झाले. गॅलनला ५५ मैल देणारी हायब्रिड गाडी मैलामागे सुमारे १६० ग्रॅम सोडते. पेट्रोलच्या मागेही तेल शुद्धीकरणाचा धूर आहे हे मान्य. पण हायड्रोजनच्या मागेही तो दाबून भरण्याची वीज आणि वाहून आणणारे ट्रक आहेतच. एवढ्या खटाटोपानंतर दोन गाड्यांत जो फरक उरतो, त्याला 'शून्य' हा शब्द शोभत नाही. कॅलिफोर्नियाने २००६च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या पंपांवर निदान एक तृतीयांश हायड्रोजन पुनर्निर्मितीक्षम स्रोतांचा हवा अशी अट घातली, हे श्रेय त्या राज्याला दिले पाहिजे. पण तसे करावे लागले, यातच मूळ शब्द अपुरा असल्याची कबुली आहे.

बरे, हायड्रोजन पाण्यापासून, स्वच्छ विजेवर केला तर? तर कार्बनचा प्रश्न मिटतो, पण दुसरे गणित उभे राहते. पाण्याचे विघटन करून, दाब देऊन १ किलो हायड्रोजन टाकीत भरायला ५५ ते ६० युनिट वीज लागते. तेवढ्यात मिराई ७० मैल जाते. तीच वीज बॅटरीच्या गाडीत भरली तर ती सुमारे २०० मैल जाते. जोवर स्वच्छ वीज मुबलक नाही, तोवर हा तिपटीचा फरक हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या कॅनडावासी वाचकांना व्हिस्लरच्या बसगाड्या आठवत असतील. २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने ब्रिटिश कोलंबियाने तिथे २० हायड्रोजन बसगाड्या आणल्या. बसच्या मागून निघे ती फक्त वाफ. पण तिचे इंधन येई क्वेबेकहून, ट्रकने, जवळजवळ सबंध देश ओलांडून. २०१४ साली तो प्रयोग गुंडाळला गेला. नळीपाशी मोजलेले शून्य किती फसवे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता आश्वासनांकडे वळू. जानेवारी २००३च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजन गाड्यांच्या संशोधनासाठी १.२ अब्ज डॉलर मागितले आणि आज जन्मलेल्या मुलाची पहिली गाडी हायड्रोजनची असू शकेल, अशी आशा दाखवली. त्या मुलाला २०१९ साली सोळावे लागले. त्या वर्षी साऱ्या अमेरिकेत फ्युएल सेलच्या गाड्या खपल्या दोन हजारांच्या आसपास. २००४ साली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी 'हायड्रोजन हायवे'ची घोषणा केली. २०१० पर्यंत दीडशे-दोनशे पंप उभे राहायचे होते. २०१८ साली गव्हर्नर ब्राउन यांनी नवे लक्ष्य दिले : २०२५ पर्यंत २०० पंप. प्रत्यक्षात राज्यातल्या पंपांची संख्या पन्नास-साठच्या घरातच घुटमळत राहिली. दरम्यान २००९ साली ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी हायड्रोजन गाड्यांच्या संशोधनाचा निधी कापण्याचा प्रस्ताव मांडला, तर काँग्रेसने तो परत बहाल केला. उद्दिष्ट चुकले की तारीख पुढे ढकलायची, आणि मागची तारीख का चुकली हे विचारायचे नाही, असा जणू रिवाजच पडला.

नियमांनीही या रिवाजाला हातभार लावला. बोर्डाच्या गुणपद्धतीत गाडी किती वेगाने भरली जाते आणि किती दूर जाते याला वजन होते. ती भरायला मुळात किती ऊर्जा खर्ची पडली, याला नव्हते. त्यामुळे २०१५ ते २०१७च्या मॉडेलांत एका फ्युएल सेल गाडीला ९ पर्यंत गुण मिळत, तर शंभर मैल जाणाऱ्या बॅटरीच्या गाडीला ३. कंपन्या चलाख निघाल्या म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा जशी काढाल तसाच विद्यार्थी अभ्यास करणार.

या सगळ्यात भरडला गेला तो शब्दावर विश्वास ठेवणारा सामान्य ग्राहक. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, गॅरेज नसलेल्या कुटुंबाला घरी चार्जर बसवता येत नाही. पाच मिनिटांत टाकी भरणारी गाडी, सोबत कंपनीने दिलेले १५,००० डॉलरचे इंधन-कार्ड, कारपूल लेनचे स्टिकर : हिशेब वरवर चोख होता. पण जून २०१९ मध्ये सँटा क्लारा येथील हायड्रोजन भरणा केंद्रात स्फोट झाला आणि बे एरियातले पंप कोरडे पडले. २०२३च्या अखेरीस अनेक पंपांवर भाव किलोला ३६ डॉलरवर गेला. म्हणजे मैलाला ५० सेंट; ५ डॉलर गॅलनच्या पेट्रोलवर चालणाऱ्या हायब्रिडच्या पाचपट. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने राज्यातले आपले मोटारींचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. पंपच नसेल तर गाडीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? शून्य उत्सर्जनाच्या चर्चेत ग्राहकाचा हा खर्च कोणाच्याच रेघेच्या आत नव्हता.

विरोधकांचे वागणेही फारसे वेगळे नाही. त्यांच्याकडे हुकमी एक्का असतो तो हिंडेनबुर्गचा. १९३७ साली न्यू जर्सीच्या लेकहर्स्ट येथे ते अजस्र हवाई जहाज जळाले आणि ३६ माणसे दगावली. पण जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले, हे कोणी सांगत नाही. हायड्रोजन भराभर वर उडून जातो आणि आजच्या टाक्या कार्बन तंतूंच्या असतात, हेही नाही. बॅटरीच्या गाडीचे कैवारीही आपली रेघ भिंतीवरच्या प्लगपाशी काढतात. वीज कोळशाची की सौर, बॅटरीचे कोबाल्ट कुठून आले, हे त्यांच्या रेघेबाहेर. मोठी रेघ काढूनही बॅटरीची मोटार बहुतेक ठिकाणी सरस ठरते, असे माझे मत आहे; पण ते हिशेबाने सिद्ध करावे लागते, घोषणेने नव्हे.

मोटारींच्या या भांडणात हायड्रोजनचा खरा प्रश्न मात्र झाकला गेला. जगात दरवर्षी साडेनऊ कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन वापरला जातो, तो मुख्यतः तेल शुद्धीकरणात आणि खतांसाठी लागणाऱ्या अमोनियात. मुंबईकरांना चेंबूरचा आणि अलिबागकरांना थळचा आरसीएफचा कारखाना ठाऊक आहे. तिथला युरिया तयार होतो तो नैसर्गिक वायूतून काढलेल्या हायड्रोजनवर. इथे बॅटरी कामाची नाही. अमोनियाच्या रेणूत हायड्रोजनच लागतो. लोखंडाच्या खनिजातून प्राणवायू काढायला कोळशाऐवजी हायड्रोजन वापरण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये झाले आहेत, त्याचेही तेच. स्वच्छ हायड्रोजन आधी जायला हवा तो इथे. पण खताच्या कारखान्यापुढे उभे राहून कोणी पुढारी छायाचित्र काढून घेत नाही.

भारतातही ही चर्चा आता जोरात आहे. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी मिराईत बसून संसदेत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन बसचे अनावरण झाले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. देशात हे अगदीच नवे नाही. पंजाबात नांगल येथे भाक्राच्या जलविद्युतवर पाण्यापासून हायड्रोजन काढून खत बनवण्याचा उद्योग १९६०च्या दशकातच सुरू झाला होता.

धोका आहे तो विजेचा. भारतातल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. त्या विजेवर १ किलो हायड्रोजन काढला तर ३८ किलोच्या वर उत्सर्जन होईल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या पद्धतीच्या चौपट. या बाबतीत भारताने एक शहाणपणाची गोष्ट केली. ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित' या शब्दाची आकड्यात व्याख्या केली : किलोमागे जास्तीत जास्त २ किलो, आणि त्यात पाणी शुद्ध करण्यापासून वायू दाबण्यापर्यंतचे सगळे टप्पे मोजायचे. आकडा कमी-जास्त असावा यावर वाद घालता येईल. पण रेघ कागदावर आली, हे महत्त्वाचे.

अमेरिकेतही २०२२च्या कायद्याने स्वच्छ हायड्रोजनला किलोमागे ३ डॉलरपर्यंत करसवलत दिली तेव्हा असाच वाद झाला. सवलत मागणाऱ्याची वीज नव्या स्वच्छ प्रकल्पाची हवी का, आणि ती त्याच तासात तयार झालेली हवी का, हे दोन प्रश्न होते. अर्थखात्याकडे सुमारे ३०,००० लेखी सूचना आल्या आणि अंतिम नियम जानेवारी २०२५ मध्ये निघाले. माझ्या पाहण्यात हायड्रोजनवर झालेली ही सर्वांत प्रामाणिक चर्चा, कारण ती रेघेविषयीच होती. पण वर्तमानपत्रांत तिला जागा मिळाली ती जेमतेम. त्याच सुमाराला निकोला या हायड्रोजन ट्रकच्या कंपनीची दिवाळखोरी, उतारावरून सोडलेल्या तिच्या ट्रकची चित्रफीत आणि तिच्या संस्थापकावरचा खटला मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते. पुढे जुलै २०२५च्या कायद्याने या सवलतीची मुदतच कमी केली : २०२८ साल उजाडण्याआधी बांधकाम सुरू करणाऱ्यालाच ती मिळेल.

आपल्यापैकी अनेकजण या उद्योगात काम करतात, काहीजण नगरपालिकांच्या आणि शाळांच्या समित्यांवर आहेत. शून्य उत्सर्जनाच्या बसगाड्या घ्यायच्या का, असा ठराव आज ना उद्या त्यांच्यापुढे येईल. तेव्हा बाजू घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे शून्य कुठे मोजले? इंधन कोठून, कशाने आणि किती भावाने येणार, याचा लेखी करार आहे का? आणि पुरवठा थांबला तर बस कोणाच्या खर्चाने उभी राहील? या तिन्ही प्रश्नांना इंजिनिअरची पदवी लागत नाही. व्हिस्लरमध्ये ते वेळेवर विचारले गेले असते, तर त्या २० बसगाड्यांचे पैसे वाचले असते.